आधी खांड, मग चूल

मला गोष्ट सांगता येत नाही, हे मी शाळेच्या बाईंना स्पष्ट सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, आजोबा, मुलांच्या पुस्तकासाठी वस्तीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडून एक गोष्ट घ्यायची आहे, तुमचीच राहिलीय. म्हणजे बाकीचे सांगून मोकळे झाले आणि मी उरलो, बाजार उठताना उरलेल्या वांग्यासारखा. वर अटी किती. गोष्टीत राजा पाहिजे. शेवटी तात्पर्य पाहिजे. शिव्या नकोत. राजा घालतो, तात्पर्य घालतो. शिव्या जिथे पाहिजेत तिथे वाचणाऱ्याने मनातल्या मनात आपापल्या घालून घ्याव्यात.

तर एका राजाच्या राज्यात, खाडीच्या काठावर, एक गाव होतं. गाव आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध होता. बांधाच्या अलीकडे भातशेतं आणि पलीकडे खारं पाणी. भरती आली की पलीकडचं पाणी अलीकडच्या शेतापेक्षा उंच व्हायचं. बांधावर बसलेल्या माणसाला एका बाजूला वर होडी दिसायची आणि दुसऱ्या बाजूला खाली भात दिसायचं. पाहुणे बघून घाबरायचे. गावकरी घाबरत नसत, कारण त्यांना बांध माहीत होता आणि बांधाला ते माहीत होते.

बांध मातीचा, त्यामुळे तो अधूनमधून फुटायचाच. खेकडे बिळं करतात, लाटा खातात. बांध फुटून जे भगदाड पडतं त्याला खांड म्हणतात. खांड पडली की ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने देवळातली पितळेची थाळी बडवायची आणि सगळ्या गावाने हातातलं काम टाकून धावायचं, असा त्या गावाचा रिवाज. पुढची भरती यायच्या आत खांड बुजली पाहिजे. घर पडलेलं असो, चूल विझलेली असो, ते नंतर. पोरांना बोलता येऊ लागलं की पहिल्यांदा हेच शिकवायचे, आधी खांड, मग चूल. जो येणार नाही त्याला गावात कुणी विस्तव द्यायचा नाही.

खांड बुजवायची रीतही ठरलेली होती. शेताकडून खांडीपर्यंत माणसांची ओळ लागायची आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे जायचे. ओळीतली प्रत्येकाची जागा आज्या-पणज्यापासून बांधलेली. तुमच्या डाव्या हाताला कोण आणि उजव्या हाताला कोण, हे तुमच्या जन्माआधीच ठरलेलं असायचं. दोन सख्खे भाऊ वाटणीवरून भांडले होते, एकमेकांच्या दारात पाय ठेवत नव्हते, पण ओळीत शेजारी उभे राहून एकाने दिलेला चिखल दुसरा घ्यायचा. एका नवरदेवाला तर अंगाला हळद असताना ओळीत उभं केलं होतं. त्याचं लग्न चिखलाशी लागलं म्हणून त्याला म्हातारा होईपर्यंत चिडवत होते.

या गावात एक तिरसट माणूस होता. तिरसट असणं हा काही गुन्हा नाही. त्याचं एकच शेत होतं, तेही बांधाला लागून. शेताच्या कोपऱ्यात गोड्या पाण्याची विहीर होती आणि सगळं गाव तिचं पाणी प्यायचं. खाऱ्या जमिनीत गोडं पाणी लागणं म्हणजे नशीब. त्याची बायको सांगायची की लग्न ठरताना तिने नवरा बघितलाच नव्हता, विहीर बघून हो म्हटलं होतं. नवरा आधी बघितला असता तर विहिरीचा उपयोग झाला नसता, असंही सांगायची.

एका वर्षी भात पोटरीला, म्हणजे लोंब्या फुटायच्या बेतात आलं होतं आणि वादळ आलं. तेही अवसेच्या उधाणात, म्हणजे महिन्यातल्या मोठ्या भरत्या ज्या दिवसांत येतात त्या दिवसांत. कौलं पानांसारखी उडाली. गोठे बसले. सकाळी वारा पडला, ओहोटी लागली, आणि थाळी वाजली.

खांड पडली होती ती बरोबर तिरसट माणसाच्या शेताच्या तोंडाशी. फार मोठी नव्हती. एक बैल आडवा बसला असता तर भरली असती, एवढीच. लोक आले. कुणाच्या डोक्याला मार लागलेला, कुणाच्या अंगावर धड कपडा नाही, पण आले आणि न सांगता आपापल्या जागी उभे राहिले. पहिला गोळा उचलायचा तेवढ्यात गावचा पुढारी बांधावर चढला आणि म्हणाला, "थांबा."

थाळी वाजल्यावर थांबा हा शब्द त्या गावात कुणी ऐकला नव्हता, म्हणून सगळे थांबले.

पुढाऱ्याने सांगितलं ते असं. मागच्या वादळात वरच्या अंगाच्या गावाची खांड पडली. त्यांनी दिवस मावळायच्या आत ती बुजवली, घरं शाकारली, अंगणं झाडली. मग राजाचा पाहणीदार आला. त्याने बघितलं आणि म्हणाला, इथे तर काहीच झालेलं नाही. एक दाणा न देता गेला. आणि त्याच्या पलीकडचं गाव, आळशी, चिखलात बसून रडत होतं. त्याला पाहणीदाराने धान्य दिलं, कौलं दिली, बैलसुद्धा दिले. राजाचा नियमच तसा आहे, डोळ्यांना जेवढं मोडलेलं दिसेल तेवढं मिळेल. तेव्हा पाहणी होईपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही.

यात खोटं काहीच नव्हतं. खोटं असतं तर बरं झालं असतं. खोट्याच्या विरुद्ध चार माणसं तरी उभी राहतात.

एक बोळकी म्हातारी होती, तिने विचारलं, "पाणी काय तुझ्या पाहणीदारासाठी थांबणार आहे का रे?"

पुढारी हसून म्हणाला, "आजी, उधाण उतरलं. आता भांग लागतोय."

भांग म्हणजे लहान भरत्यांचे दिवस. उधाण संपलं की भांग लागतो, भांग संपला की पुन्हा उधाण येतं. खांड बुजवायला भांगासारखे दिवस नाहीत. पाणी तेव्हा दमलेलं असतं. देवाने माणसाला दिलेली ती सवड. पुढाऱ्याने ती सवड वाट बघण्यासाठी वापरायची ठरवली. परवा पाहणीदार येतोय म्हणाला. दोन दिवसांनी काय बिघडतंय? भरपाई पदरात पडली की बांध पहिल्यापेक्षा रुंद बांधू, दगडाचा बांधू.

दगडाचा बांध ऐकून लोकांचे डोळे चमकले. ओळ मोडली. ज्याच्या त्याच्या हातातला चिखल त्याने खाली टाकला.

मग गावात जे झालं ते सांगायला मला लाज वाटते, पण मुलांनी ते ऐकावं. ज्याचं छप्पर वादळात शाबूत राहिलं होतं तो चोरासारखा तोंड लपवून हिंडायला लागला. शेजारणी टोमणे मारायच्या, तुमचं काय बाई, तुमच्यावर कौलं आहेत. त्याने काय करावं? शिडी लावून आपलीच कौलं उतरवली. एकाने कणगीतलं कोरडं धान्य अंगणात ओतलं आणि वर पाणी मारलं. एका बाईची कोंबडी वाचली होती, ती तिने टोपलीखाली झाकून ठेवली, कोंबडी दिसली तर श्रीमंत समजतील म्हणून. कोंबडी आतून ओरडायची आणि बाई वरून तिला रागवायची. वादळाला जे जमलं नाही ते गावाने आपल्या हातांनी पुरं केलं.

परवाचा दिवस आला. पाहणीदार आला नाही. निरोप आला की रस्त्याकडची गावं आधी आहेत, परवा येतो. त्या परव्यालाही तोच निरोप. परवा हा शब्द कुणी काढला देव जाणे, तो कधी संपतच नाही.

रोज दोन भरत्या यायच्या. लहान होत्या, पण यायच्या. खांडीच्या दोन्ही कडा थोड्या थोड्या गळायच्या. तिरसट माणूस बांधावर बसून बघायचा. भाताला खारं पाणी एकदा लागलं तर ते मान टाकत नाही, पुन्हा पुन्हा लागलं तर टाकतं. त्याचं भात अजून उभं होतं, टोकं पिवळी पडली होती, बस. आणि विहीर अजून गोडी होती.

शेवटी एक दिवस ओहोटी लागल्यावर त्याने फावडं घेतलं. बायकोने न विचारता पदर खोचला. तो माती कापून द्यायचा, ती नेऊन खांडीत थापायची. दोघांची ती कसली ओळ, पण दुपारपर्यंत खांडीत गुडघाभर भराव चढला. तसाच चढला असता तर दोन-तीन ओहोट्यांमध्ये पाणी अडलं असतं.

गाव आलं. सगळ्यांच्या पुढे त्याचा ओळीतला शेजारी होता, ज्याच्या हातातून तो लहानपणापासून चिखल घेत आला होता. त्याच्या बापाने ह्याच्या बापाला दिलेला, आज्याने आज्याला दिलेला.

शेजारी म्हणाला, "काय चाललंय?"

"दिसत नाही? वादळात डोळेही गेले वाटतं."

"सगळ्यांचं ठरलंय ना."

"माझं नाही ठरलं. माझं भात उभं आहे अजून."

"भात सगळ्यांचंच आहे. तुझ्या एका तुकड्यापायी गावाच्या तोंडचा घास जाईल. पाहणीदार आला आणि खांड बुजलेली दिसली तर त्याला सांगू काय?"

"सांग की इथे माणसं राहतात."

शेजाऱ्याने थोडा वेळ पायाने चिखल उकरला. मग खांडीत उतरला, वाकला आणि भरावातला वरचा गोळा काढला. काढून मागे धरला. मागच्या माणसाने तो घेतला.

आणि ओळ लागली. तीच ओळ. प्रत्येक माणूस आपापल्या जागी, आज्या-पणज्यांनी ठरवून दिलेल्या. ते न बोलणारे भाऊसुद्धा शेजारी शेजारी. खांडीतला चिखल हातोहात बाहेर चालला. ओळीत तिरसट माणसाची जागा होती, ती त्यांनी रिकामी सोडली होती. तिथे दोन्हीकडची माणसं जरा वाकायची आणि गोळा त्या मोकळ्या जागेवरून पलीकडे द्यायची. इतकी शिस्त. इतक्या शिस्तीने त्या गावाने आपला बांध कधी बांधला नव्हता.

बायको खांडीतच उभी होती. तिच्या पायाजवळचा गोळा शेजारी उचलायला लागला तेव्हा ती म्हणाली, "भावजी, हा माझ्या हातचा आहे."

तो म्हणाला, "वहिनी, बाजूला व्हा. गावासाठी आहे."

ती बाजूला झाली. त्याने गोळा उचलला. तिच्या बोटांचे ठसे होते त्यावर.

त्यानंतर तिरसट माणसाने फावडं उचललं नाही. लोक म्हणतात त्याने उचलायला हवं होतं. लोक म्हणायला नेहमी नंतर येतात.

भांग संपला. पुनवेचं उधाण आलं. खांड मग बैलाएवढी राहिली नाही. आधी बैलगाडी जाईल एवढी झाली, मग बांध दोन्ही बाजूंनी ढासळत गेला तो मोजायला कुणी उरलं नाही. पाणी शेतात आलं ते परत जायचं विसरलं. भात काळं पडलं आणि कुजलं. एका सकाळी तिरसट माणसाच्या बायकोने विहिरीतून घागर काढली, ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकली. पुन्हा एक ओंजळ घेतली. मग घागर तिथेच ओतून ती तशीच कमरेवर घेऊन घरी आली. काय झालं म्हणून नवऱ्याने विचारलं नाही. रिकामी घागर दिसत होती.

गाव धावलं आता. आता थाळी वाजवायला कुणाची गरज पडली नाही. ओळ लावली, चिखल टाकला. टाकलेला गोळा पाण्यात दिसायचा आणि दिसेनासा व्हायचा. लहान मुलं तोंडात साखरेचा खडा घालतात तसं पाणी करत होतं.

आणि मग पाहणीदार आला. रस्ता बुडाला होता म्हणून होडीतून आला, भर भरतीला. त्याची होडी खांडीतून सरळ आत शिरली, शेतांवरून आली, आणि नावाड्याने ती विहिरीच्या रहाटाच्या खांबाला बांधली. पाहणीदार माणूस चांगला होता, उगाच खोटं कशाला सांगू. आल्या आल्या त्याने मुलांना गूळ दिला. मग विचारलं, "बुडालेली शेतं दाखवा."

पुढारी म्हणाला, "साहेब, आपण शेतावरच आहोत."

पाहणीदाराने होडीतून खाली बघितलं. खाली पाणी होतं, पाण्यात बोयटं, खाडीतले मासे, पळत होती. त्याने आपल्या माणसाकडे बघितलं, त्याच्या माणसाने मान हलवली. पाहणीदार म्हणाला की राजाचा नियम बुडालेल्या पिकाला भरपाई द्यायचा आहे. पीक दिसलं पाहिजे. निदान बांध तरी दिसला पाहिजे. इथे मला खाडी दिसतेय. खाडीला भरपाई कशी देऊ?

मग त्याला खरंच प्रश्न पडला म्हणून त्याने विचारलं, "पण एवढं होईपर्यंत तुम्ही सगळे करत काय होतात?"

पुढारी पाण्याकडे बघत राहिला. तिरसट माणसाचा शेजारी आपल्या हातांकडे बघत राहिला. शेवटी बोळकी म्हातारी बोलली.

"तुमचीच वाट बघत होतो, साहेब."

पाहणीदाराला वाटलं म्हातारीने मान दिला. तो खूश झाला आणि घरटी एक घोंगडी जास्त द्यायला सांगून गेला.

पुढचं थोडक्यात. राजाने गावाला लांबच्या एका माळावर जागा दिली. एकासारखी एक घरं, सरळ रांगेत. खाली खडक, त्यामुळे विहीर नाही. पाणी गाडीतून येतं, येतं तेव्हा. पुरुष वीटभट्टीवर गेले, बायका दुसऱ्यांच्या शेतात गेल्या. त्यांच्या मुलांना पोहता येत नाही आणि भात कसं लावतात ते माहीत नाही. पितळेची थाळी मात्र बरोबर आणली आहे. लग्नात तिच्यातून भात वाढतात. भात विकतचा. पुढारी इथेही पुढारीच आहे. मागच्या उन्हाळ्यात एका घराला आग लागली तर लोक घागरी घेऊन बाहेर आले आणि कुणी कुठे उभं राहायचं ते कुणालाच कळेना. घर जळून गेलं. पाहणी मात्र दुसऱ्याच दिवशी झाली.

तात्पर्य: दाखवण्यासाठी जखम उघडी ठेवणाऱ्याला शेवटी दाखवायला अंगच उरत नाही.

बाईंना एकच तात्पर्य पाहिजे होतं, पण माझ्याकडे आणखी एक आहे. जखम वाहताना दिसल्याशिवाय ज्याच्या हातून औषध सुटत नाही, तोही त्या जखमेचा वाटेकरी. हे राजासाठी आहे. पुस्तकात जागा कमी पडली तर वरचं खोडा, हे खोडू नका. मुलं आज ना उद्या शहाणी होतील, राजाला कुणीतरी सांगावं लागतं.

आता तो तिरसट माणूस कोण म्हणून बाई विचारतील. विचारू नये. त्याच्या ओळीतल्या शेजाऱ्याला माळावर नेमकं त्याच्याच शेजारचं घर मिळालं. नशिबालाही ओळ मोडवत नाही. रोज सकाळी तो ओट्यावर येऊन बसतो. पावसाचं बोलतो, गुडघ्यांचं बोलतो. बायको होती तोवर ती त्याला चहा द्यायची. तिने त्याला पुन्हा भावजी म्हणून कधी हाक मारली नाही, पण चहा दिला. ती गेल्यापासून मी देतो. मी कप पुढे करतो, तो हातातून घेतो, बशीत ओतून पितो आणि कप परत माझ्या हातात देतो. एवढी वर्षं देणंघेणं चाललंय, पण दोन शब्द अजून त्याच्या तोंडातून निघालेले नाहीत. माझ्यासाठी नकोत, तिच्यासाठी तरी म्हणायचे होते. पुस्तक छापलं की त्याची एक प्रत त्याला द्या, त्याला वाचता येतं. त्याचं नाव लिहून ठेवतो म्हणजे चुकणार नाही. हिराजी महादू घरत.